कळांची नोंदवही

मी बिस्किटांच्या कारखान्यात वेळ मोजतो. बिस्किटं दुसरे लोक करतात, पुडे मशीन भरतं, आणि ते मशीन मधेच अडलं की किती वेळ अडलं आणि पुन्हा अडेपर्यंत किती वेळ सुरळीत चाललं, हे मी गळ्यात घड्याळ अडकवून लिहून ठेवतो. बारा वर्षं हे काम करतोय आणि माझ्या आकड्यांवर आजवर कुणी बोट ठेवलेलं नाही. ही आत्मस्तुती नव्हे. पुढे माझी जी शोभा झाली ती अज्ञानामुळे नव्हे तर अनुभवामुळे झाली, एवढं आधीच नोंदवून ठेवलेलं बरं.

आठव्या महिन्याच्या तपासणीला डॉक्टरीणबाईंनी बायकोच्या हातात एक घडीचा कागद ठेवला आणि कळांचे प्रकार समजून घ्या म्हणाल्या. बायको तिसरीच्या वर्गाला शिकवते. बाळंतपणाच्या रजेवर जाण्याआधी तिला उत्तरपत्रिकांचे चार गठ्ठे तपासून द्यायचे होते, आणि तपासण्याच्या बाबतीत ती कुणाचं ऐकत नाही. अर्ध्या मार्कासाठी पालक घरापर्यंत येतात आणि चहा पिऊन तसेच परत जातात. तर तिने तो कागद न उघडता मला दिला आणि म्हणाली, "तू वाच आणि मला थोडक्यात सांग." यातला 'थोडक्यात' हा शब्द मी ऐकलाच नाही, असं तिचं आजही म्हणणं आहे.

कागदावर होतं ते असं. कळा खोट्या असतात आणि खऱ्या असतात. खोट्या कशाही येतात, कधीही जातात. खऱ्या नेमाने येतात, हळूहळू लांबतात, जोर धरतात आणि जवळजवळ येतात. दर पाच मिनिटांनी, प्रत्येक कळ मिनिटभराची, असं तासभर चाललं की दवाखान्यात या. वाचता वाचता माझ्या अंगावर काटा आला. नेम, कालावधी, अंतर. हा बाळंतपणाचा कागद नव्हताच, हे माझंच खातं होतं. आठ महिने मला या घरात काही काम नव्हतं. पिशव्या उचलणं आणि 'दमलीस का' विचारणं यापलीकडे माझ्याकडून कुणाची काही अपेक्षा नव्हती. आता मात्र निसर्गानेच माझी नेमणूक केली होती.

मी जाड पुठ्ठ्याची वही आणली आणि लाल शाईने सात रकाने आखले. अनुक्रमांक, सुरुवात, शेवट, कालावधी, दोन कळांमधलं अंतर, प्रकार आणि शेरा. बायकोने वही उलटसुलट करून पाहिली आणि शेऱ्यात काय लिहिणार असं विचारलं. म्हटलं, कळ कशी वाटली ते. "कुणाला?" तिने विचारलं. त्या वेळी मला हा प्रश्न खोचक वाटला.

वहीचं उद्घाटन एका रविवारी दुपारी झालं. कपाट आवरता आवरता बायको पलंगाच्या कडेवर बसली आणि म्हणाली, पोट बघ कसं दगडासारखं झालंय. मी घड्याळ दाबलं. अकरा मिनिटांनी पुन्हा तसंच झालं, मग एकोणीस मिनिटांनी, आणि मग एकदम तीन मिनिटांनी. ती तीन मिनिटं पाहून मी जिना चढून वर धावलो. वरच्या मजल्यावर हवामान खात्यातून निवृत्त झालेले काका राहतात. इमारतीत गाडी त्यांचीच. त्यांनी आम्हाला नेलं खरं, पण सवयीने प्रत्येक चौकात मान बाहेर काढून आधी आभाळ पाहिलं.

दवाखान्यात आधी फॉर्म. 'येण्याचे कारण' या ओळीवर मी दुपारपासूनचा वृत्तान्त लिहायला घेतला. काउंटरवरचा कारकून म्हणाला, ओळ एकच आहे. म्हटलं, मजकूर जास्त आहे. तो म्हणाला, मग बारीक लिहा. मी बारीक लिहीपर्यंत थोरल्या सिस्टर बायकोला आत घेऊन गेल्या होत्या. या सिस्टर उंच, शांत आणि पायात आवाज न करणाऱ्या चपला. त्यांनी माझी वही बाजूला ठेवली आणि बायकोला विचारलं, सकाळपासून पाणी किती प्यायलात, लघवीला जाऊन आलात का, थोडं चालून पाहिलंत का. तिन्हींचं उत्तर नाही असं होतं. त्यांनी तिला दोन पेले पाणी पाजलं आणि डाव्या कुशीवर झोपवलं. अर्ध्या तासात पोट मऊ झालं आणि बायकोला झोप लागली.

"पिशवी तालीम करतेय," सिस्टर मला म्हणाल्या. खोट्या कळा पाणी प्यायलं, चाललं, कूस बदलली की जातात, खऱ्या कळा तसल्या कशाला भीक घालत नाहीत, हे त्यांनी मला सावकाश समजावलं. आणि हे सगळं आम्ही दिलेल्या कागदाच्या मागच्या बाजूला आहे, असंही सांगितलं. मी कागद उलटला नव्हता. आमच्या कारखान्यात कागदाच्या मागे कधी काही नसतं.

ही बातमी आम्ही जिना चढण्याआधीच सगळीकडे पोचली. हवामानकाका तेव्हापासून रोज सकाळी दारात उभे राहून बायकोकडे दोन मिनिटं पाहायचे आणि 'पुढच्या अठ्ठेचाळीस तासांत शक्यता कमी' असं जाहीर करायचे. खालच्या शिलाईकाकू टेप घेऊन यायच्या आणि पोटाचा घेर मोजून पोट किती खाली उतरलं ते सांगायच्या. दोघांचे अंदाज जुळत नव्हते आणि दोघांनाही माझ्या वहीत आपली नोंद हवी होती. शेवटी मी 'इतरांची मते' असा आठवा रकाना आखला.

मग सासूबाई आल्या. आल्या त्या दिवशी मी त्यांना वही दाखवली. त्यांनी चष्मा लावून तीन पानं वाचली आणि अक्षर छान आहे म्हणाल्या. त्यांची स्वतःची एक पद्धत होती. ती पद्धत आहे हेसुद्धा आम्हाला पुढे कळलं. बायकोचं पोट आवळून आलं की त्या तिला काहीतरी फालतू विचारायच्या. ती शेजारीण कुठे गेली राहायला, चहाच्या डब्याचं झाकण कुठे आहे, असलं काहीतरी. बायको कण्हत कण्हत का होईना, उत्तर द्यायची. उत्तर आलं की सासूबाई पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. मी इकडे सेकंद मोजतोय आणि या बाईला झाकणाची पडलीय, असं मला वाटायचं.

नववा महिना संपत आला तेव्हा एका गुरुवारी सकाळी वहीने निकाल दिला. नेमाने, सलग तासभर, दर पाच मिनिटांनी. कालावधी तर माझ्या मोजणीत दोन मिनिटांचा भरत होता, म्हणजे नियमापेक्षा दुप्पट. सासूबाई म्हणाल्या, अजून बोलतेय ती. मी वही पुढे केली. बायको माझ्या वहीवर विश्वास ठेवून उठली, हे मला नमूद केलंच पाहिजे. काकांनी आभाळ पाहत पाहत आम्हाला पोचवलं. फाटकावरच्या रखवालदाराने आम्हाला ओळखलं आणि कपाळाला हात लावून सलाम केला.

सिस्टरनी बायकोच्या पोटाला पट्टा बांधून मशीन लावलं. मशीनने दर सात मिनिटांनी कळ दाखवली. मी सिस्टरना नम्रपणे सांगितलं की मशीन तपासून घ्या. त्यांनी माझी वही मागितली, पहिल्यांदाच, आणि दोन ओळी वाचून विचारलं, "हे अंतर कसं मोजलंत?"

म्हटलं, एक कळ संपल्यापासून दुसरी सुरू होईपर्यंत. कारखान्यात मशीन असंच मोजतात. अडलेलं सुटलं की घड्याळ दाबायचं, पुन्हा अडलं की थांबवायचं. मधला वेळ तो खरा.

"कळा तशा मोजत नाहीत. एक सुरू झाली की पुढची सुरू होईपर्यंत. सुरुवात ते सुरुवात."

"मग मधे आलेली कळ कुठे गेली?"

"मधेच. ती काय रजेवर असते?"

दोन मिनिटांचा कालावधीही खरा नव्हता. कळ ओसरली तरी बायकोचा चेहरा सरळ होईपर्यंत मी घड्याळ चालू ठेवत होतो, आणि बायकोचा चेहरा हल्ली माझ्याकडे पाहिल्यावर सरळ व्हायला वेळ घेत होता. खरी कळ पाऊण मिनिटाची होती. डॉक्टरीणबाईंनी तपासलं, पिशवीचं तोंड अजून बंद होतं. घरी जा म्हणाल्या. कळा वाढतील किंवा थांबतील, पण पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर घड्याळ घरी ठेवा आणि तडक या. 'घड्याळ घरी ठेवा' हे त्यांनी माझ्याकडे पाहून सांगितलं. संध्याकाळपर्यंत कळा थांबल्यासुद्धा.

या गुरुवारची अर्धी रजा हे एक वेगळंच प्रकरण झालं. आमच्या हेडक्लार्कच्या तक्त्यात पत्नीच्या प्रसूतीनिमित्त रजा आहे, पण प्रसूती न झाल्यानिमित्त रजा नाही. त्यांनी लेखी पुरावा मागितला. मी सिस्टरकडून चिठ्ठी आणली. 'सदर इसमाच्या पत्नीची गुरुवारी प्रसूती झाली नाही,' शिक्का आणि सही. हेडक्लार्कनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, गुरुवारी या कारखान्यात एकशेचाळीस जणांच्या बायकांची प्रसूती झाली नाही, सगळ्यांना अर्धी रजा देऊ का. माझी अर्धी रजा बिनपगारी धरली गेली आणि चिठ्ठी माझ्या फायलीत कायमची लागली.

पण खरं दुखलं ते घरी. त्या संध्याकाळी बायको पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी नवीन पद्धतीने रकाने आखतोय हे तिला कागदाच्या आवाजावरून कळलं.

"मला तिसऱ्यांदा त्या फाटकावरून परत यायचं नाही," ती म्हणाली. "मला भीती वाटते रे. आणि मी तुला सांगते तेव्हा तू माझ्याकडे बघत नाहीस, घड्याळाकडे बघतोस."

मला वाईट वाटलं. भीती मलाही वाटत होती, तिच्याहून थोडी जास्तच असेल. तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं की आपण काहीच करू शकत नाही हे दिसायचं, आणि घड्याळाकडे पाहिलं की निदान काहीतरी करतोय असं वाटायचं. हे तिला सांगायला हवं होतं. मी म्हणालो, या वेळी पद्धत बरोबर आहे.

पुढचे नऊ दिवस माझी वही आदर्श होती. एकही चूक नाही, कारण एकही नोंद नाही. बायको विचारलं की म्हणायची, काही नाही. मीही सुटकेचा निःश्वास टाकून 'निरंक' लिहायचो.

दहावा दिवस रविवारचा. सकाळी नऊला आम्ही तिघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो. बायको उत्तरपत्रिकांच्या शेवटच्या गठ्ठ्याशी, सासूबाई मटार सोलत, आणि मी माझ्या टोकाला वहीशी. हवामानकाका दारातून डोकावून 'आज काही नाही' सांगून गेले. मी त्यांचं मत आठव्या रकान्यात उतरवलं. मधूनमधून बायकोचं लाल पेन हवेत थांबायचं आणि ती खिडकीकडे बघत राहायची. मला वाटलं, मुलांनी हजार भागिले दहाचं काय केलंय ते पाहून तिला धक्के बसतायत. दर वेळी पेन पुन्हा खाली यायचं आणि काहीतरी लिहायचं.

साडेदहाच्या सुमारास सासूबाईंनी विचारलं की हा गाऊन कुठून घेतलास. बायको खिडकीकडे बघत होती. तिने उत्तर दिलं नाही. मिनिटाभराने तिने श्वास सोडला आणि सांगितलं, कोपऱ्यावरच्या दुकानातून. सासूबाईंनी वीस-पंचवीस शेंगा सोलल्या आणि पेन पुन्हा थांबलं तेव्हा विचारलं, कितीला. उत्तर नाही. सासूबाईंनी सोललेले दाणे झाकून ठेवले, गॅस बंद केला, हात धुतले आणि पायांत चपला घातल्या.

"जावईबापू, काकांना गाडी काढायला सांगा."

मी वही फिरवून त्यांच्यापुढे धरली. नऊपासून निरंक. बायकोने हातातली उत्तरपत्रिका उलटी केली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मागच्या कोऱ्या बाजूवर लाल अक्षरांत एकाखाली एक वेळा लिहिल्या होत्या. आधी दहा-दहा मिनिटांच्या, मग सात, मग सलग बारा ओळी पाच-पाच मिनिटांच्या. प्रत्येकीपुढे ती किती सेकंद टिकली ते. खिडकीच्या वर टांगलेल्या घड्याळावरून, माझ्या डोक्यावरून पाहून लिहिलेल्या.

"सुरुवात ते सुरुवात," ती म्हणाली.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मोजलं असतंस."

गाडीत मागे आम्ही दोघं, पुढे काकांच्या शेजारी सासूबाई. पहिल्या चौकात काकांनी मान बाहेर काढली तेव्हा सासूबाईंनी एवढंच सांगितलं की आभाळ मी बघते, तुम्ही रस्ता बघा. पुढची कळ आली. या वेळी मी तिचा चेहरा पाहिला आणि तो मला ओळखीचा वाटला नाही. तिने हात माझ्याकडे टाकला आणि तिच्या हाताला माझ्या हातातलं घड्याळ लागलं. "हे नको," ती म्हणाली. मी घड्याळ पुढे दिलं. कुठे ठेवायचं ते न सुचून सासूबाईंनी ते स्वतःच्या गळ्यात घातलं, आणि फाटकावरच्या रखवालदाराने या वेळी दोन्ही दारं उघडून सलाम केला तो त्यांना.

'येण्याचे कारण' या ओळीवर मी 'कळा' एवढंच लिहिलं. अर्धी ओळ शिल्लक राहिली. सिस्टरनी उत्तरपत्रिका दोन्ही बाजूंनी वाचली, एका बाजूला भागाकार आणि वर दहापैकी चार, दुसऱ्या बाजूला कळा. नोंद कुणी केली, त्यांनी विचारलं. तिने, मी म्हणालो. "तरीच," सिस्टर म्हणाल्या आणि ती पत्रिका त्यांनी केस पेपरला टाचली.

पुढच्या पाच तासांत ज्या कळा आल्या त्यांना त्या घडीच्या कागदावर जेमतेम दोन ओळी दिल्या होत्या. पाठीतून निघून पुढे येणाऱ्या, एकीचा श्वास संपायच्या आत दुसरी डोकं वर काढणाऱ्या. बायकोने मला बरंच काही ऐकवलं, त्यातलं काही माझ्या कारखान्याबद्दल होतं आणि खरं होतं. मी तिचा हात धरून उभा होतो, किंवा तिने माझा धरला होता. माझी बोटं दुसऱ्या दिवशीही सुजलेली होती. मधे एकदा मी रडलो, आणि सिस्टरनी मला पाणी पाजून विचारलं की डाव्या कुशीवर पडायचंय का. मग मुलगी झाली. कारकुनाने येऊन जन्मवेळ काय लिहू म्हणून मला विचारलं आणि मला ती सांगता आली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदाच. सासूबाईंनी गळ्यातल्या घड्याळात पाहून सांगितली.

ती उत्तरपत्रिका मात्र गेली ती गेलीच. मुख्याध्यापिका म्हणतात गठ्ठ्यात एक पत्रिका कमी आहे. दवाखाना म्हणतो केस पेपर बाहेर जात नाही. तीन अर्जांनंतर दवाखान्याने शिक्का मारलेली नक्कल दिली, दोन्ही बाजूंची, त्यामुळे माझ्या बायकोच्या कळांचा तपशील आता शाळेच्या दप्तरात आहे. त्या पत्रिकेवाल्या मुलीचे पालक मार्क मागायला आलेच. कुणाच्या तरी बाळंतपणात आमच्या पोरीची पत्रिका कामी आली, एक मार्क तरी वाढवा, असा त्यांचा मुद्दा होता. बायकोने बाळाला थोपटत थोपटत सांगितलं की भागाकार चुकलाय. चहा पिऊन ते परत गेले.

घरी येऊन चौथा दिवस असेल. माझी नोंदवही मला बाळाच्या दुपट्यांखाली सापडली. बायकोने ती पहिल्या पानापासून तपासली होती. लाल पेनाने प्रत्येक चुकीचं अंतर खोडून पुढे बरोबर अंतर लिहिलं होतं. 'इतरांची मते' या रकान्यावर आडवी फुली होती. शेवटच्या पानाखाली होतं, 'दहापैकी चार. मेहनत घेतली आहे. पद्धत चुकली.' मी वही घेऊन तिच्याकडे गेलो. ती मुलीला पाजत बसली होती. म्हटलं, फेरतपासणीचा अर्ज कुठे करायचा.

ती हसली आणि हसता हसताच तिचा चेहरा आवळला. तिने डोळे मिटून घेतले. माझा हात आपोआप गळ्याकडे गेला, पण घड्याळ तिथे नव्हतं. ते स्वयंपाकघरात सासूबाईंकडे होतं, त्या आता त्यावर वेळ लावून दूध तापवतात. आतून त्या म्हणाल्या, पाजताना येतात तशा कळा, पिशवी आकसून जागेवर जात असते, आठवड्यात थांबतील. हा प्रकार माझ्या वहीत नव्हता. कागदावर असलाच तर मागच्या बाजूला असेल.

मी वही जमिनीवर ठेवली, पलंगाच्या कडेवर बसलो आणि हात पुढे केला. तिने तो घट्ट धरला. मी तिच्याकडे बघत राहिलो. आधी कपाळ आवळलं, मग ओठ, मग हळूहळू सगळं सैल होत गेलं. मला अजूनही भीती वाटते असं मी तिला सांगितलं. ते मला माहीत आहे, ती म्हणाली. मुलगी पीत होती, तिला या कशाचं काही देणंघेणं नव्हतं.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग बायकोने माझा हात सोडला, वाकून वही उचलली आणि उशीखालचं लाल पेन काढलं.

"बरं," ती म्हणाली. "पाच."